मरणाला लहान अक्षर

फोन वाजला की मी अजूनही आधी बसते आणि मग उचलते. बसायला काही नसलं तर निदान भिंतीला टेकते. ऑफिसात यावरून माझी बरीच थट्टा होते. पण ही सवय मला कुडव्याच्या घरमालकांनी लावली, आणि त्यांनी लावलेली सवय सुटता सुटत नाही.

कंत्राटी डाटा एन्ट्री ऑपरेटर म्हणून मी गोंदियाला हजर झाले आणि खोली मिळाली ती कुडव्यात, एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घराच्या मागच्या अंगाला. मी अमरावतीकडची. गोंदियात उतरल्यापासून रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळं हिंदीत ऐकून मी आधीच बावरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडते तो कडीला एक कागद अडकवलेला. त्यावर इंग्रजीत, एकूण एक अक्षर मोठं, काळ्या शाईत कोरल्यासारखं: 'वॉटर कमिंग सिक्स फिल अर्ली'. मला वाटलं, मालक भडकलेत. एका रात्रीत माझ्या हातून काय घडलं ते कळेना. मी सरळ मालकीण काकूंकडे जाऊन माफी मागितली. काकू हातातली भाजी खाली ठेवून हसत सुटल्या.

"अवो बाई, ते प्रेमानंच लिहिलं आहे," त्या म्हणाल्या. "त्यायले लहान अक्षर येतच नाही."

हे अगदी खरं होतं. काकांची सगळी नोकरी तारघरात गेली. यंत्रावर बोटानं कट्‌-कडकट्‌ करून तार पाठवायची, आणि पलीकडून आलेली कट्‌-कडकट्‌ ऐकून कागदावर उतरवून घ्यायची. त्या कट्‌-कडकट्‌मध्ये लहान अक्षर, मोठं अक्षर असा भेद नाहीच. त्यामुळे उतरवायची ती सगळी मोठ्या अक्षरांत, म्हणजे कोणालाही वाचता येईल. पस्तीस वर्षं हेच केल्यावर हात तसाच घट्ट झाला. किराण्याच्या यादीपासून नातीच्या वाढदिवसाच्या कार्डापर्यंत सगळीकडे तेच. गल्लीत त्यांना तारबाबू म्हणत. तारा बंद झाल्यानंतर जन्मलेल्या पोरांना वाटे, हे विजेच्या खांबावरचे तारवाले. लाईट गेली की ती त्यांना बोलवायला येत, आणि काका चप्पल घालून गंभीरपणे फ्यूज बघायला जात.

तारेचे पैसे शब्दांवर पडत, म्हणून बोलतानाही ते शब्द मोजत. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत राही. दहाच्या आत वाक्य बसलं की चेहऱ्यावर समाधान. काकूंचं यावरचं म्हणणं ठरलेलं होतं: जन्मभर दुसऱ्यांच्या घरचे शब्द मोजले, आता माह्याशी बोलाले शब्द उरले नाही. पण हे बोलताना त्या त्यांच्या ताटात वरणाची दुसरी वाटी ठेवत असत.

आणि ती बसण्याची गोष्ट. घरात कोणाचाही फोन वाजला की काका हात वर करून म्हणत, "बसून ऐका." मला, काकूंना, दूधवाल्यालासुद्धा. दूधवाला बिचारा सायकल स्टँडला लावून ओट्यावर टेके आणि मग म्हशीच्या डॉक्टरशी बोले. मी एकदा कारण विचारलं. ते म्हणाले की त्यांच्या खिडकीसमोर तार वाचता वाचता माणसं उभ्याची खाली पडलेली त्यांनी पाहिली आहेत. खिडकीबाहेर एक बाक टाका म्हणून त्यांनी तीन वेळा अर्ज केला. शेवटी घरचा आणून टाकला.

मला ते 'ऑपरेटर' म्हणत. नावानं कधीच नाही. पगाराला आणि हुद्द्याला आमच्या ऑफिसात कोणी विचारत नव्हतं, पण काकांच्या तोंडून तो शब्द असा येई की मला खुर्चीत ताठ बसावंसं वाटे. आपण दोघं एकाच खात्यातले, असा त्यांचा एकूण भाव होता.

एका रविवारी ओट्यावर लॅपटॉप घेऊन मी ऑफिसची यादी करत होते. चारशे-साडेचारशे माणसांची नावं, सगळी मोठ्या अक्षरांत आलेली. साहेबांना ती नीट हवी होती: प्रत्येक नावाचं पहिलं अक्षर मोठं, बाकीची लहान. मी सगळं निवडलं आणि दोन बटणं एकत्र दाबली. काका मागे उभे होते हे मला ठाऊकच नव्हतं.

"हे काय केलं?"

मी पुन्हा करून दाखवलं. एकदा दाबलं की सगळं मोठं, पुन्हा दाबलं की सगळं लहान, तिसऱ्यांदा दाबलं की पहिलं तेवढं मोठं. काकांनी मला ते सात-आठ वेळा करायला लावलं. मग माझ्या शेजारी खाली बसले. बाजूच्या राईस मिलचा कोंडा उडून लॅपटॉपवर बसत होता, तो ते बोटानं पुसत राहिले.

"सगळे ओरडत होते," ते शेवटी म्हणाले. "आता बोलून राहिले."

संध्याकाळी ते अकरा वह्या घेऊन आले. शाळेच्या दोनशेपानी वह्या, खाकी कव्हर घातलेल्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी आठवेल ती प्रत्येक तार त्यात लिहून काढली होती. ऑफिसातून एक चिटोराही त्यांनी कधी घरी आणला नव्हता. लोकांचं खाजगी असतं ते. वह्यांत गावाचं नाव नाही, तारीख नाही. पण मजकूर डोक्यातून जाईना, म्हणून उतरवून ठेवलेला. अर्थात सगळा मोठ्या अक्षरांत. त्यांचं म्हणणं असं, की पस्तीस वर्षं मी लोकांच्या घरी जाऊन ओरडलो. बाप गेला, हेही ओरडून सांगितलं. आता जायच्या आधी हे सगळं एकदा हळू आवाजात सांगून टाकायचं आहे. स्वतःच्या हाताला ते जमत नव्हतं. वयाच्या सत्तरीत त्यांनी लहान अक्षरं गिरवून पाहिली होती. बोटं वळत नव्हती.

मग आमच्या रविवारच्या सकाळी ठरून गेल्या. काकूंचे पोहे, काकांच्या वह्या, माझा लॅपटॉप. ते वाचत, मी टाइप करी, मग बटण दाबी. पहिल्याच पानावर आमचं भांडण झालं. 'फादर एक्सपायर्ड स्टार्ट इमिजिएट' या ओळीवर मी बटण दाबलं, तर प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं झालं. काका म्हणाले, असं नाही. मी म्हणाले, मशीनला हेच येतं. ते म्हणाले, मग मशीनला शिकवा. फादर मोठा ठेवा. एक्सपायर्डचं पहिलं अक्षर लहान करा.

मी जरा वैतागून विचारलं की त्यानं काय फरक पडतो.

"माणसाले मोठं अक्षर ठीक आहे," ते म्हणाले. "मरणाले कायले?"

तेव्हापासून तो आमचा नियम झाला. नाव आणि नातं यांना मोठं अक्षर. मरण, आजार, नापास, बदली यांना लहान. अर्थातच मला प्रत्येक ओळ हातानं दुरुस्त करावी लागे आणि एका रविवारी जेमतेम चार पानं होत. पण मला कंटाळा आला नाही, हे कबूल करते. प्रत्येक तारेमागे त्यांच्याकडे एक चेहरा होता. खोटी तार ते लगेच ओळखत. सुट्टीसाठी 'मदर सीरियस' करणारे लांबलचक लिहितात, म्हणत. खऱ्याला शब्द सुचत नाहीत. त्यांची सगळ्यांत लाडकी तार चार शब्दांची होती: 'सन बॉर्न बोथ वेल'. मुलगा झाला, दोघंही सुखरूप. ही उतरवताना यंत्राचासुद्धा आवाज बदलतो, असं ते शपथेवर सांगत. त्यातल्या 'बोथ'चं बी मोठं ठेवायचं, कारण त्या एका शब्दात दोन माणसं आहेत. यावर वाद घालण्याची मला परवानगी नव्हती.

चौथ्या वहीत मात्र ते एके ठिकाणी दोन पानं एकदम उलटत. मी आधी लक्ष दिलं नाही. मग एकदा ऊन वहीवर आलं आणि दिसलं की ती दोन पानं भाताच्या खळीनं चिकटवून टाकलेली आहेत, आणि आत अक्षरं आहेत. मी विचारलं. काकांनी वही मिटली, आणि पुढचा रविवार आमचा सुनाच गेला. त्यापुढच्या रविवारी मात्र ते आपणहून आले, मला म्हणाले "बसा", मी बसलेलीच होते, आणि त्यांनी एकदाही पेरं न मोजता सगळं सांगितलं.

ते नोकरीला नवे होते. कायम व्हायला दोन महिने उरलेले. त्या काळी शुभेच्छांच्या आणि सांत्वनाच्या ठरावीक मजकुरांना नंबर असत. पाठवणारा फक्त नंबर देई, उतरवणारा त्याचा पूर्ण मजकूर लिही. अर्जुनी मोरगावच्या पुढे, जंगलालगतच्या एका गावात एका तरुण बाईचा नवरा गेला होता. आईबाप नव्हते, एकच भाऊ, तोही दूर कोळशाच्या खाणीत कामाला. त्याला पत्रानं कळलं तेव्हा उशीर झालेला. त्यानं बहिणीला तार केली, सांत्वनाच्या नंबराची. काकांनी उतरवताना एक टिंब, म्हणजे एक कट्‌, कमी ऐकलं. नंबर बदलला. विधवा बाईच्या घरी तार गेली ती लग्नाच्या शुभेच्छांची: तुमचं वैवाहिक आयुष्य सुखाचं आणि दीर्घ होवो.

दुसऱ्या दिवशी ताळा करताना त्यांना चूक दिसली. सायकलवाला तार देऊन आलेला होता. नियमाप्रमाणे वर कळवायचं आणि दुरुस्त तार पाठवायची. पण कळवलं तर नोकरीच्या कागदावर डाग. काका गप्प राहिले. मग कायम झाले, मग बदली झाली, मग पंचेचाळीस वर्षं गेली. ती बाई जिवंत आहे एवढं त्यांनी अर्जुनीच्या बाजारात अधूनमधून विचारून ठेवलं होतं. कशी आहे, हे विचारायची छाती झाली नव्हती. आम्ही इतके दिवस ज्या वह्या टाइप करत होतो, त्या सगळ्या या एका पानापर्यंत पोचण्यासाठी होत्या, हे मला त्या दिवशी कळलं.

आम्ही ती तार टाइप केली. चुकलेली नव्हे, भावानं खरी धाडलेली. तिचं नाव, पहिलं अक्षर मोठं. भावाचं नाव, पहिलं अक्षर मोठं. मधला सांत्वनाचा मजकूर सगळा लहान. मी ऑफिसातून छापून आणली. तीन आठवडे ती देवाच्या फळीवर पडून होती. शेवटी काकूच म्हणाल्या, पोचवाची कोणी, का तुमच्यानंतर मी जाऊ?

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही निघालो. काकूंनी शर्टाला इस्त्री करून दिली होती. कोहमाऱ्याला गाडी बदलायची म्हणून उतरलो, ढाब्यावर चहा घेतला, आणि कप अर्धा असताना काका म्हणाले की परत जाऊ, काकूला बरं वाटत नव्हतं. काकू ठणठणीत होत्या. मला त्यांचा राग आला आणि कीवही. उतरवलेली तार पोचवायचीच असते हे तुम्हीच मला सांगत आलात, असं मी जरा जोरातच म्हणाले. बाजूचे ट्रकवाले बघायला लागले. काकांनी उरलेला चहा एका घोटात संपवला आणि माझ्या आधी बसमध्ये चढले.

गाव तलावाच्या काठी होतं. सारवलेल्या अंगणात धान वाळत घातलेलं, आणि सत्तरीची एक काटक बाई सुपानं पाखडत बसलेली. घरात सुना-नातवंडांचा गलबला. काकांनी स्वतःची ओळख फक्त 'तारघरातला' अशी करून दिली आणि सवयीनं म्हणाले, "तुम्ही बसा."

"मी तं बसलीच आहो," ती म्हणाली. "तुमीच उभे आहा. बसा."

तुमच्याकडे कधी तार आली होती का, असं त्यांनी विचारलं. तिनं सूप खाली ठेवलं. मग उठून आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद घेऊन आली. पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला. काळ्या शाईतली ती मोठी अक्षरं मी लांबूनच ओळखली.

तिनं जे सांगितलं ते असं. तार आली तेव्हा गुरुजींनी वाचून दाखवली आणि घरचे सगळे संतापले. ती तर दोन दिवस जेवली नाही. भावानं आपली अशी थट्टा करावी? पण कागद फेकला नाही, भावाचा म्हणून ठेवला. दोन वर्षांनी शेजारच्या टोल्यावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, एका माणसानं तिला मागणी घातली. तिच्या मनात होतं. त्यांच्यात विधवेचा पाट लागतो, पण पंच म्हणाले, आईबाप नाहीत तर भावाचा शब्द पाहिजे. भाऊ लांब, पत्राला उत्तर नाही. तेव्हा तिनं पेटीतून तार काढली आणि पंचांसमोर ठेवली. भावाचा शब्द आधीच आला आहे, गुरुजींकडून वाचून घ्या. गुरुजींनी वाचलं. पाट लागला. पुढच्या वर्षी भाऊ आला तेव्हा पंचांनी त्याला सर्वांदेखत विचारलं, ही तार तुझीच का? भावानं तार पाहिली. मग बहिणीकडे पाहिलं. आणि म्हणाला, हो, मीच धाडली.

"चूक कोणाची होती, मले आजवर मालूम नाही," ती म्हणाली. "भाऊ बी कधी बोलला नाही. दहा वर्षं झाले त्याले जाऊन. पण हे घर त्या तारेनंच वसलं."

तिनं पुन्हा सूप हातात घेतलं. खरं तर काका तिथेच उठू शकले असते. मला वाटलं, आता उठतील, आणि तेच बरं. चूक सुफळ झाली, आता कशाला उकरायची? मी पिशवीसुद्धा उचलली. काकांचा अंगठा पेरांवरून चार वेळा फिरला.

"ती चूक माझी होती."

सुपातले दाणे हलायचे थांबले. 

"मंग इतके वर्षं आला काऊन नाही?" ती म्हणाली.

 काकांनी खिशातून कागद काढून तिच्या हातात दिला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून परत घेतला आणि वाचून दाखवला, तिच्या बोलीत करून. तुह्या दुःखात मी तुह्याजवळ आहो. खाली भावाचं नाव.

"भाऊ असा म्हणाला होता?"

"हो."

ती रडली, मोठ्यानं, सुनांना न लाजता. नवऱ्यासाठी रडून झालं होतं तिचं. ती भावासाठी रडत होती. त्यानं पाठवलेलं दुःख तिला कधी मिळालंच नव्हतं, आणि पंचांसमोर बहिणीचं घर वसावं म्हणून त्यानं दुसऱ्याची चूक आपल्या नावावर घेतली होती. हे तिला त्या क्षणी कळलं, आणि आम्हालाही. पदरानं तोंड पुसून तिनं दोन्ही कागद एकावर एक ठेवले, घडी घातली आणि पिशवीत बांधले. मग काकांना 'भाऊ' म्हणून तिनं उकडलेले शिंगाडे पुढं केले. ते खाईपर्यंत ती समोरून हलली नाही.

निघताना काकांनी पाकिटातून एक कोरी पावती काढली. तार पोचल्याची सही घ्यायची असते, तिची ती जुनी, पिवळी पावती. ऑफिसातून कधी चिटोराही आणला नाही म्हणणाऱ्या माणसानं ही एक तेवढी जपली होती. बाईंना सही तेवढी येत होती. प्रौढांच्या वर्गात शिकले, म्हणाल्या. खूप वेळ लावून त्यांनी पूर्ण नाव लिहिलं. परतीच्या बसमध्ये काका खिडकीशी बसले, पावती मांडीवर ठेवून, माझ्याकडे पाठ करून काहीतरी लिहीत राहिले. बस इतकी हादरत होती की मला वाटलं, एक अक्षरही धड उमटणार नाही.

मग माझं कंत्राट संपलं आणि मी अमरावतीला परत आले. दीड वर्षानं एका दुपारी काकूंचा फोन आला. मी बसलेच होते, तरी त्या आधी म्हणाल्या, "बाई, बसली का?" त्यावरून मला कळलं.

दिवस झाल्यावर मी कुडव्याला गेले. काकूंनी चौथी वही माझ्यापुढे ठेवली. चिकटवलेली पानं पाण्यानं भिजवून सोडवलेली होती आणि मध्ये ती पावती डकवलेली होती. खाली बाईंची सही. वर छापील रकाना, उशीर झाल्यास कारण. त्यात काकांनी इंग्रजीत लिहिलं होतं, स्वतःच्या हातानं, पहिलीतल्या मुलासारख्या वाकड्यातिकड्या, एकमेकांवर आदळणाऱ्या लहान अक्षरांत, की ऑपरेटर भ्याला होता. एवढी एक ओळ लिहायला त्यांना गोंदियापर्यंतचा सगळा रस्ता लागला होता.

त्याखाली आणखी दोनच शब्द होते: बोथ वेल. त्यातलं बी तेवढं मोठं होतं.